उतारावर पाऊल ठेवण्याआधी : प्रस्तावना

डोंगरात हौसेने हिंडायला गेलेला माणूस हिमस्खलनात सापडतो, तेव्हा दहापैकी सुमारे नऊ वेळा तो उतार त्याने स्वतः किंवा त्याच्या सोबत्यांपैकीच कुणीतरी हलवलेला असतो. ध्यानीमनी नसताना वरून आपोआप सुटलेल्या बर्फाखाली सापडणारे त्या मानाने थोडे. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींतून वारंवार पुढे आलेली ही गोष्ट म्हणजे या अभ्यासशाखेचा उंबरठा आहे. ऐकताना तिचा धसका बसतो. थोडे थांबून विचार केला तर तीच गोष्ट धीर देते. अपघाताला निमित्त आपण होत असू, तर तो टाळणेही बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. हिमस्खलनाचे शास्त्र या शक्यतेवर उभे आहे आणि वाचकाला त्यात बोलावण्याचे धाडस मीही तिच्याच भरवशावर करतो आहे.

मराठी गिर्यारोहणाची मुळे सह्याद्रीत, पण फांद्या केव्हाच हिमालयात गेल्या. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ने २०१२ साली एव्हरेस्ट आणि २०१९ साली कांचनजुंगा गाठले. उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग इथल्या संस्थांच्या बेसिक कोर्सला मराठी मुले-मुली जातात, आणि ऐन हिवाळ्यात केदारकंठाच्या वाटेवर मराठी कानावर पडते. सह्याद्रीने या माणसांना पाय दिले, दम दिला, कातळाची नजर दिली. बर्फाची नजर मात्र तो देऊ शकत नाही, आणि इथे बर्फ पडत नाही एवढेच त्याचे कारण नाही. कातळ चुकीची शिक्षा जागच्या जागी सुनावतो. पकड कच्ची असली की हाताला कळते, घसारा सरकला की पायाला कळते. बर्फाच्या उताराचे तसे नसते. तो पन्नास जणांना निमूट जाऊ देतो आणि एक्कावन्नाव्याला घेऊन कोसळतो. सुखरूप उतरलेल्या पन्नासांना वाटते, आपला निर्णय बरोबर होता. तो खरोखर बरोबर होता की नुसता खपून गेला, हे त्यांना कधीच कळत नाही.

मला जे सांगायचे आहे त्याचे सार इथेच सांगून टाकतो. जिथे अनुभव खोटी ग्वाही देऊ शकतो, तिथे अनुभवाच्या जोडीला शिस्त लागते. ती शिस्त म्हणजे नक्की काय कळते आणि नक्की काय कळत नाही, यांच्या दोन वेगळ्या वह्या ठेवणे, आणि जिवाचा निर्णय शक्यतो पहिल्या वहीवरून घेणे.

आधी बर्फाकडे पाहू. जमिनीवर पडल्यानंतर बर्फ निपचित पडून राहतो, हा गैरसमज पहिल्यांदा सोडावा लागतो. आपल्या वितळबिंदूच्या इतक्या जवळ राहणारे पदार्थ निसर्गात फार थोडे. त्यामुळे साचलेल्या बर्फातले कण सतत आकार बदलतात, एकमेकांना चिकटतात, सुटतात, वाढतात. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर बसतो. मधल्या उन्हाने त्यावर कवच धरते. वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगावर घट्ट थापतो. निरभ्र, थंड रात्री पृष्ठभागावर नाजूक पातळ स्फटिक उगवतात आणि पुढच्या हिमवृष्टीखाली गाडले जातात. हिवाळा सरेपर्यंत उतारावर त्या मोसमाची अख्खी बखर रचलेली असते.

हौशी गिर्यारोहकांचे सर्वाधिक बळी घेणारे हिमस्खलन स्लॅबचे असते. वर घट्ट, एकसंध थर, त्याखाली कमकुवत थर आणि त्याखाली सरकायला पृष्ठभाग, एवढी सामग्री त्याला पुरते. चालणाऱ्याचा भार कमकुवत थरापर्यंत पोचला की तिथले स्फटिक मोडतात, थर खचतो, आणि ती मोड वरच्या स्लॅबखालून दूरवर धावत सुटते. कधी ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज येतो आणि पायाखालचा बर्फ किंचित खाली बसतो. सपाटीवर असाल तर बहुधा तेवढ्यावर निभावते. उतारावर असाल तर डोक्याच्या वर कुठेतरी भेग उमटते आणि सगळा पट्टा तुमच्यासकट निघतो. पायथ्याच्या सपाटीवर चालणाऱ्यांनी वरचा उतार पाडल्याच्याही नोंदी आहेत, कारण मोड जिथे सुरू होते तिथेच थांबते असे नाही. सुटलेला स्लॅब काही सेकंदांत ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जातो; कोरड्या, भुकटीसारख्या बर्फाची मोठी हिमस्खलने ताशी ३०० किलोमीटरपर्यंत पोचतात.

कमकुवत थर कसा तयार होतो, हा या विषयातला मला सर्वांत देखणा वाटणारा भाग. जमिनीलगतचा बर्फ साधारण शून्य अंशाच्या आसपास असतो. वरची हवा उणे २० अंशांवर गेली, तर खालची वाफ थरांमधून वर जाऊ लागते आणि वाटेतल्या कणांचे बंध तोडून त्यांना टोकदार, कोनदार रूप देते. हे घडायला तापमानात मीटरमागे साधारण १० अंशांचा फरक लागतो. आता हिशेब करून पाहा. दोन मीटर बर्फ साचलेला असेल तर तो फरक मीटरमागे जेमतेम १० अंश. अर्धाच मीटर असेल तर मीटरमागे ४० अंश. म्हणजे ‘यंदा बर्फ कमी, तेव्हा धोकाही कमी’ ही समजूत उलटी पडते. पातळ थर, निरभ्र आकाश आणि कडाक्याची थंडी यांतून तळाशी साखरेसारखा सुटा, दाणेदार बर्फ तयार होतो. मुठीत दाबला तर त्याचा गोळा होत नाही, बोटांच्या फटींतून गळून जातो. त्याच दाण्यांवर पुढे जानेवारी-फेब्रुवारीतल्या पश्चिमी झंझावाताने आणलेला मीटरभर नवा बर्फ येऊन बसतो.

याखेरीज सुट्या बर्फाचे एका बिंदूपासून खाली रुंदावत जाणारे हिमस्खलन असते, वसंतातल्या उन्हाने ओल्या झालेल्या बर्फाचे असते, आणि टांगत्या हिमनदीचे कडे तुटून होणारेही असते. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातात सोळा जणांचा बळी घेणारी घटना या शेवटच्या जातीची. ७ फेब्रुवारी २०२१ ची चमोलीतली आपत्ती याहूनही निराळी होती. रोंती शिखराच्या उतारावरून सुटलेल्या त्या राशीत सुमारे ८० टक्के खडक आणि २० टक्के बर्फ होता. बातम्यांत या साऱ्यांना एकच नाव मिळते. अभ्यासकाला मात्र त्यांची कारणे आणि त्यांपासूनचा बचाव वेगवेगळा ठेवावा लागतो. या पुस्तकाचा भर पहिल्या, म्हणजे माणसाच्या पावलाने सुटणाऱ्या जातीवर आहे.

आता पहिली वही उघडू. बर्फाची ताकद अनिश्चित असते, पण उताराचा कोन मोजता येतो, आणि तो रात्रीत बदलत नाही. स्लॅब बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून सौम्य उतारावर ते क्वचित सुटतात. फार उभ्या कड्यावर बर्फ साचायच्या आधीच झडत राहतो. म्हणजे चढाईला आणि स्कीइंगला जे उतार सर्वांत मोहक, नेमके तेच सर्वांत घातक. नकाशावर आडवे १०० मीटर गेल्यावर उंची ५८ मीटरने वाढली, तर उतार ३० अंशांचा समजावा. एवढा हिशेब घरी, चहा पिता पिता करता येतो. मात्र पायाखालच्या कोनावर थांबायचे नाही. आपल्या वर काय जोडलेले आहे आणि खाली काय वाढून ठेवले आहे, तेही पाहायचे. सह्याद्रीत ज्यांना आपण सोंड, धार, घळ, नाळ म्हणतो, त्याच शब्दांत हिमालयातले सुरक्षित आणि घातक भूरूप ओळखता येते. सोंडेवरून किंवा धारेवरून चालणारा बहुधा हिमस्खलनाच्या वाटेबाहेर राहतो. घळीत मात्र लहानसे हिमस्खलनही बर्फ एका जागी कोंबून माणसाला खोल गाडते. नाळेतली सरळ वाट आपल्याकडे पावसाळ्यानंतर सोयीची. बर्फात ती सापळा ठरते.

या ज्ञानाचा इतिहास भीतीतून आणि गरजेतून घडला. स्वित्झर्लंडमधल्या आंडेरमाट गावाने १३९७ सालीच गावावरच्या उतारातल्या जंगलाला कुऱ्हाडबंदी केली होती, कारण ती झाडे वरचा बर्फ धरून ठेवतात हे गावाला ठाऊक होते. पहिल्या महायुद्धात, १३ डिसेंबर १९१६ रोजी, मार्मोलाडा पर्वतावर एकाच हिमस्खलनाने ऑस्ट्रो-हंगेरियन सैन्याच्या छावणीतले अडीचशेहून अधिक सैनिक गाडले. शास्त्र म्हणून पद्धतशीर काम सुरू झाले ते १९३० च्या दशकात, दावोसच्या वर वाइसफ्लूयोख इथे. बर्फात उभारलेल्या प्रयोगशाळेत बाडर, हेफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फाच्या रूपांतराचा अभ्यास केला आणि तो १९३९ साली ग्रंथरूपाने आला. १९४२ साली तिथे संशोधन संस्था स्थापन झाली. पुढे १९५०-५१ च्या भीषण हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये ९८ माणसे गेली, आणि कुठे घर बांधायचे, कुठे बांधायचे नाही, याचे धोकानकाशे आखण्याला त्यानंतर वेग आला. तरीही २३ फेब्रुवारी १९९९ रोजी ऑस्ट्रियातल्या गाल्ट्यूर गावात, सुरक्षित मानलेल्या भागात हिमस्खलन शिरले आणि ३१ जण दगावले. नकाशा हाही एक अंदाजच असतो, हे त्या दिवशी पुन्हा शिकावे लागले.

भारतात या विषयाला वाहून घेतलेली संस्था १९६९ साली मनालीला उभी राहिली, ती म्हणजे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था, अर्थात ‘सासे’. २०२० साली ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन ‘डीजीआरई’ झाली. सरहद्दीवरच्या चौक्या आणि रस्ते ही तिची मूळ गरज. आज तिचे इशारे जिल्हा आणि उंची सांगून नागरिकांसाठीही प्रसिद्ध होतात. भारतीय अभ्यासकांनी पश्चिम हिमालयाचे तीन हिमपट्टे मानले. पीर पंजालचा पट्टा तुलनेने उबदार, तिथे बर्फ भरपूर आणि दमट पडतो. मधल्या मुख्य हिमालयात थंडी वाढते. काराकोरमच्या कोरड्या, गोठवणाऱ्या पट्ट्यात तळाचा दाणेदार बर्फ महिनोन्महिने तसाच राहतो. त्यामुळे मनालीत शिकलेला ठोकताळा लडाखमध्ये जसाच्या तसा चालत नाही, आणि आल्प्समधल्या पुस्तकातला तर दोन्हीकडे पारखूनच घ्यावा लागतो.

हिमालयातल्या जखमांची यादी लांब आहे. मार्च १९७९ मध्ये लाहौलमध्ये दोनशेहून अधिक माणसे गेली. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवरच्या सोनम चौकीत बर्फाची भिंत कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या साताऱ्याचा एक जवान होता. त्यांच्यापैकी लान्स नायक हनुमंथप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण पुढे रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘द्रौपदी का डांडा-२’ या शिखराच्या वाटेवर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षण तुकडीतले २९ जण गेले. त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू सर केलेल्या सविता कंसवाल त्या तुकडीत प्रशिक्षक होत्या. ही घटना नोंदवताना मला कुणाचाही न्याय करायचा नाही. मात्र तिच्यातून दोन गोष्टी शिकता येतात. धोका हिवाळ्यापुरता नसतो. पावसाळा सरता सरता उंचावर पडलेला ताजा बर्फही तितकाच निर्दय असतो. आणि कौशल्य, ते कितीही मोठे असो, चिलखत होत नाही. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथू ला रस्त्यालगत सात पर्यटक गेले. तेव्हा हा विषय शिखरावर जाणाऱ्यांपुरताही उरलेला नाही.

या शास्त्रात हाताने करायचे काम कसे असते, ते थोडे जवळून पाहू. ज्या उतारावर जायचे त्याच्यासारखीच दिशा आणि उंची असलेली, पण सुरक्षित अशी छोटी जागा निवडायची. फावड्याने दीडेक मीटर खणून वरच्या अंगाची भिंत गुळगुळीत तासायची. मग थरांची कठीणता हाताने पाहायची: मूठ सहज शिरते तो सर्वांत मऊ थर, त्यानंतर चार बोटे, एक बोट, पेन्सिल, चाकूचे पाते, अशी चढती भाजणी. वरून खाली येताना बोटही न शिरणाऱ्या थराखाली एकाएकी मूठ आत गेली, तर तिथे थांबायचे. त्या थरातले दाणे गडद रंगाच्या पत्र्यावर घेऊन भिंगातून पाहायचे: गोलसर, एकमेकांना धरून असलेले, की कोनदार, सुटे आणि चमकणारे. त्यानंतर ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर आत जाणारा स्तंभ बाजूंनी आणि मागून कापून सुटा करायचा. त्याच्या एका टोकावर फावड्याचे पाते ठेवून मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा थापा मारायच्या. भेग फावड्याखालीच अडली, तर ती पसरण्याची शक्यता कमी. अठराव्या थापेला उमटलेली भेग त्याच किंवा पुढच्या थापेला थेट दुसऱ्या टोकाला पोचली आणि अख्खा ठोकळा पुढे सरकला, तर तिथला बर्फ भेग दूरवर वाहून नेऊ शकतो, हे डोळ्यांनी दिसते. ही चाचणी सायमनहॉइस आणि बर्कलँड यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ केली. पण वीस पावले सरकून पुन्हा खणले, तर थराची जाडी वेगळी भरू शकते. म्हणून खड्ड्याचे उत्तर एकाच दिशेने मानायचे: तो ‘जाऊ नका’ म्हणाला तर ऐकायचे, तो गप्प राहिला याचा अर्थ ‘जा’ असा घ्यायचा नाही. खड्डा दुसऱ्या वहीतला, शंकेच्या वहीतला आहे.

खड्ड्याहून पुष्कळदा अधिक बोलके असते ते आजूबाजूचे चित्र. शेजारच्या उतारावर ताजे हिमस्खलन झालेले आहे. पाय टाकताच भेगा पुढे धावतात. व्हुम्फ ऐकू येतो. गेल्या दोन दिवसांत जोराची हिमवृष्टी, पाऊस किंवा वारा झाला. हवा एकदम तापली. यातली एक खूण दिसली तरी तीस अंशांच्या वरचा बेत रद्द. युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पातळ्यांची श्रेणी वापरतात आणि सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या पातळीला होतात, चौथ्या-पाचव्याला नव्हे. चौथ्या पातळीला धोका उघड दिसतो, लोक घरी बसतात. तिसरीला उतार पुष्कळदा शांत आणि सुंदर दिसतो, आणि माणूस मनाशी घासाघीस करू लागतो.

ही घासाघीस हाच या शास्त्राचा दुसरा अर्धा भाग. इयान मॅककॅमन यांनी अमेरिकेतल्या १९७२ ते २००३ या काळातल्या ७१५ अपघातांच्या नोंदी तपासल्या आणि सहा सापळे मांडले: ओळखीची जागा, ठरवलेल्या बेताला चिकटून राहणे, इतरांच्या नजरेत मान मिळवणे, गटातल्या जाणत्यावर भार टाकणे, आजूबाजूला माणसे आहेत म्हणून निर्धास्त होणे, आणि संधी हुकेल ही धास्ती. त्यांचा सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष असा, की ओळखीच्या उतारावर प्रशिक्षित गटही अप्रशिक्षितांइतकाच धोका पत्करत होते. आपल्याकडच्या मोहिमांकडे या यादीतून पाहा. रजा मोजून मिळालेली, रेल्वेची परतीची तिकिटे काढलेली, वर्गणी काढून पैसे उभे केलेले, गावाकडे शुभेच्छांचा फलक लागलेला, आणि पुढे चालणारे दादा किंवा सर सगळ्यांहून ज्येष्ठ. अशा गटात सर्वांत धाकट्या मुलीला उतार पाहून शंका आली, तरी ‘दादा, थांबूया का?’ हे शब्द तिच्या ओठांवर येत नाहीत. बर्फाचे भौतिकशास्त्र पक्के करूनही त्या न उच्चारलेल्या प्रश्नाने घात होतो. म्हणून या पुस्तकात गटाच्या बोलण्याचालण्याला स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते वगळून पुढे जाऊ नये अशी माझी विनंती आहे.

चालण्याच्या रीती मोजक्याच आहेत. शंकास्पद उतार एका वेळी एकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. वाऱ्याने बर्फ आणून टाकलेल्या अंगाखाली आणि कॉर्निसखाली, म्हणजे धारेवरून बाहेर झुकलेल्या बर्फाच्या छज्जाखाली, रेंगाळायचे नाही. जेवायला किंवा फोटोला थांबायचे ते सोंडेवर, घळीच्या तोंडाशी नव्हे. वसंतात उन्हाचे उतार सकाळी लवकर ओलांडायचे. आणि प्रत्येकाच्या अंगावर बीकन (गाडलेल्याचा माग देणारे रेडिओ यंत्र), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडे. गटात एकाकडेच फावडे असेल आणि तोच गाडला गेला, तर बाकीच्यांनी काय करायचे?

गाडल्या गेलेल्या माणसाचा हिशेब मिनिटांचा असतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्विस आकडेवारीत पंधरा मिनिटांपर्यंत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के जगले. पस्तीस मिनिटांनी हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास घसरले. अलीकडे, १९८१ ते २०२० या काळातल्या नोंदींच्या अभ्यासातून ती पहिली आशेची खिडकी दहाच मिनिटांची निघाली. बहुतेक बळी गुदमरून जातात, कारण थांबलेला बर्फ घट्ट होऊन बसतो आणि श्वासातली वाफ तोंडासमोर गोठते. सियाचीनसारखा सहा दिवसांचा चमत्कार अपवादच. हेलिकॉप्टर दहा मिनिटांत येत नाही. येतात ते शेजारी उभे असलेले मित्र. जॉन लॉटन यांनी १९६८ साली बनवलेल्या पहिल्या बीकनपासून आजच्या ४५७ किलोहर्ट्झच्या यंत्रांपर्यंत शोध पुष्कळ सोपा झाला आहे. खणणे मात्र आजही हातांचेच काम आहे, आणि मीटरभर खोल गाडलेल्या माणसापर्यंत पोचायला टनभर बर्फ उपसावा लागतो. बचावाचे प्रकरण म्हणूनच शेवटी आहे. ते पाठ असले पाहिजे, आणि त्याच्या भरवशावर उतार निवडता कामा नये.

हे क्षेत्र संपलेले, बंदिस्त नाही. हिमस्खलनाचे अभ्यासक योहान गोम यांनी ‘फ्रोझन’ या चित्रपटातला बर्फ ज्या गणनपद्धतीने हलवला गेला, ती पद्धत त्या कामातल्या गणितज्ञांसह स्लॅबच्या अभ्यासाला लावली. भेग ताशी नव्हे, सेकंदाला शंभर मीटरहून वेगाने धावू शकते, हे २०२२ साली दाखवले गेले. २०१८ साली पश्चिम हिमालयातल्या झाडांची वर्तुळे वाचून हिमस्खलनांचा दीडशेहून अधिक वर्षांचा आलेख मांडण्यात आला. वाढत्या उष्णतेबरोबर तिथे हिमस्खलने वाढल्याचे त्यातून दिसले. हिमालयात मोजमापाची केंद्रे विरळ आहेत आणि हौशी गटांच्या निरीक्षणांची एकत्र नोंद जवळपास होतच नाही. उतार कोणत्या दिशेचा, भेग कुठे उमटली, व्हुम्फ किती वाजता ऐकला, एवढे नीट लिहून ठेवणारा गिर्यारोहकही या शास्त्राला हातभार लावू शकतो. भूगोलाच्या, भौतिकीच्या, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे मोकळे रान आहे.

पुस्तकाची मांडणी बर्फ, भूरूप, माणूस आणि बचाव या क्रमाने केली आहे. पण घाईत असलेल्याने भूरूपाचे प्रकरण आधी वाचावे. पुस्तक वाचून कुणी तज्ज्ञ होत नाही, आणि प्रत्यक्ष बर्फातल्या प्रशिक्षणाला पर्याय नाही. तरी पहिले धडे गिरवायला हिमालय गाठावा लागत नाही. पुढच्या ट्रेकला सह्याद्रीतल्या एखाद्या गवताळ उतारासमोर सगळ्यांनी कोनाचा अंदाज सांगावा आणि मग क्लिनोमीटरने किंवा मोबाइलवर तो मोजावा; बहुतेकांना उतार आहे त्यापेक्षा उभा वाटतो, हे तिथेच कळेल. बीकन भाड्याने आणून पिशवीत घालावा, नदीकाठच्या वाळूत पुरावा आणि घड्याळ लावून शोधावा. शेवटची तयारी तिकिटे काढण्याआधीची. एका संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावे की कुणाही एकाने, अगदी सर्वांत धाकट्याने, ‘नको’ म्हटले तर कारण न विचारता सगळे परततील, आणि परतल्यावर त्याला कुणी चिडवणार नाही. हा ठराव ज्या गटात एकमताने होईल, त्याने या पुस्तकाचे पहिले पान त्यानंतर उघडले तरी चालेल.